मदत हवी आहे : अफिंग्टन नेमके कोणत्या काउंटीत?

धागाकर्ती : मंडळाच्या स्मरणिकेसाठी इंग्लंडमधल्या अफिंग्टन गावावरचे टिपण उद्या सकाळी द्यायचे आहे आणि माझे घोडे पहिल्याच वाक्यात अडले आहे. जुन्या नकाशात हे गाव बर्कशायर या काउंटीत (म्हणजे तिथल्या मोठ्या प्रशासकीय विभागात) आहे, नव्यात ऑक्सफर्डशायरमध्ये, आणि पोस्टकोड मात्र स्विंडनचा, म्हणजे विल्टशायरमधल्या शहराचा. यांतले खरे कोणते आणि नावाचा अर्थ काय, एवढेच कृपया सांगावे.

वाटसरू : आपण कोणत्या अफिंग्टनविषयी विचारत आहात? श्रॉपशायर आणि लिंकनशायरमध्येही या नावाची गावे आहेत.

धागाकर्ती : टेकडीवरच्या पांढऱ्या घोड्याच्या आकृतीचे, अर्थातच! तीन काउंट्यांची नावे दिल्यावर वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

खडूवाला : घोडा सुमारे ११० मीटर लांब असून त्याचे वय तीन हजार वर्षांच्या आसपास आहे. टेकडीवर चर खणून त्यांत खडूचा चुरा ठासून तो घडवलेला असल्याने गवत त्याला सतत गिळू पाहते. एका उन्हाळ्यात मीही गुडघे टेकून हातोडीने नवा खडू ठोकला आहे. संध्याकाळी पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

धागाकर्ती : आभारी आहे, परंतु माझा प्रश्न काउंटीचा आहे.

दप्तरी : १९७२ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ रोजी उत्तर बर्कशायरचा मोठा भाग ऑक्सफर्डशायरला जोडला गेला, फॅरिंग्डन ग्रामीण जिल्ह्यातले हे गाव तेव्हाच 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या नव्या जिल्ह्यात आले. पोस्टकोड टपालाच्या सोयीने ठरतो, त्याचा काउंटीशी संबंध नाही. 'ऑक्सफर्डशायर' लिहून मोकळ्या व्हा.

जुनी_शीव : इतके सोपे नाही. कायद्याने कारभार हलवला, इतिहास नव्हे. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करेपर्यंत हे गाव ॲबिंग्डनच्या मठाकडे होते आणि ते ॲबिंग्डनही बर्कशायरचेच. मी तर 'बर्कशायर'च लिहीन.

दप्तरी : आणि वाचक तिथल्या नगरपालिकेचा पत्ता बर्कशायरमधल्या रेडिंग शहरात शोधत बसेल! चर्चच्या लेखी तर बर्कशायर १८३६ पासूनच ऑक्सफर्डच्या धर्मप्रांतात आहे.

वाटसरू : नावाचे राहिलेच. शेवटचे 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीतले 'टून', अर्थात वाडी किंवा वस्ती; मधल्या 'इंग'मुळे 'उफ्फा नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती' असा अर्थ होतो.

जुनी_शीव : इथे तो 'इंग' फसवा आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत 'ऑफेन्टोन' असे रूप आहे; त्यातला 'एन' हा आपल्या 'चा-ची-चे'सारखा षष्ठीचा प्रत्यय, पुढे उच्चार घासून त्याचा 'इंग' झाला. म्हणून 'उफ्फाची वाडी'. मात्र या उफ्फाला मर्सिया या जुन्या इंग्रजी राज्याचा राजा ऑफा ठरवू नका.

धागाकर्ती : मग असे लिहिते : 'उफ्फाची वाडी असलेले अफिंग्टन १९७४ पर्यंत बर्कशायरमध्ये होते, आज ऑक्सफर्डशायरमध्ये आहे.'

खडूवाला : त्यात टेकडीचेही घाला. तिची उंची २६१ मीटर. बर्कशायरमध्ये असताना तिच्याहून उंच वॉलबरी हिल होती, ऑक्सफर्डशायरमध्ये येताच ती काउंटीतली सर्वांत उंच जागा ठरली.