मदत हवी आहे : ह्युको बँडच्या 'टॉमबॉय'मधला गिटारचा आवाज

मंडळी, इथे कोरियन इंडी रॉक ऐकणारं आणि गिटार वाजवणारं कुणी आहे का?

सोलच्या ह्युको बँडचं 'टॉमबॉय' माझ्या बोटांत उतरतंय, पण कानाला पटत नाही. २०१७ च्या '२३' या अल्बममधलं हे गाणं. (या बँडच्या सुरुवातीच्या अल्बमची नावं म्हणजे त्यांची तेव्हाची वयं : २०, २२, २३, २४.) सुरुवातीला स्वच्छ, संथ गिटार आणि गायक ओ ह्योकचा किंचित खरखरीत, दबका आवाज, बस. आईच्या मायेने अवघडलेल्या मुलाचं मन तो सांगतो. मग हळूहळू सगळं भरत जातं, आणि तरुणपणी आपल्या खोडातली (झाडाचं वय सांगतात तशी) वर्तुळं आपल्यालाच दिसत नाहीत अशा अर्थाची ओळ येते, तिथे माझा गळा दरवेळी दाटून येतो. इतकं दुःख, तरी रडगाणं मुळीच नाही!

माझ्याकडे सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग) गिटार आणि छोटा अ‍ॅम्प आहे. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वाढवला की सूर धूसर होतात, कमी केला की कोरडे पडतात. नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळच्या) टोन थोडा उतरवून बघू का? आवाज दाट, लहरता करणारं कोरस पेडल लागेल, की पिक सोडून नुसत्या बोटांनी वाजवावं? आणि शेवटाकडे जोर वाढवताना ती हळवी लय कशी सांभाळायची?

कुणी हे बसवलं असेल तर सेटिंग जरूर सांगा. अशाच मूडची आणखी कोरियन गाणीही सुचवा, से सो निऑन हा बँड ऐकून झालाय.