मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात लहान मायक्रोब्रुअरी किफायतशीर कशी चालवावी?

नमस्कार. वर्धा मार्गावरील एका रेस्टॉरंटला जोडून आम्ही दोघे भागीदार ५०० लिटर क्षमतेची मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणारा छोटा कारखाना) चालवतो. परवाना शुल्क, भाडे आणि पगार हे खर्च बिअर खपो वा न खपो, ठरलेलेच असतात. त्यामुळे नफा मुख्यतः टाकी किती दिवस अडकते आणि ती थंड राखण्यास वीज किती लागते, यांवर ठरतो.

उन्हाळ्यात दोन्ही एकदमच अंगावर येतात. ग्राहकांना हलकी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) हवी असते. परंतु १० ते १२ अंशांवर आंबवून पुढे शून्याजवळ मुरवावी लागणारी लागर आमच्याकडे टाकी पाच आठवडे अडवते, तर १८ ते २० अंशांवर आंबणारी एल ही बिअर दोन आठवड्यांत तयार होते. म्हणजे एकाच टाकीतून दहा आठवड्यांत एलच्या पाच बॅच निघतात आणि लागरच्या केवळ दोन. शिवाय गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी चाळीस अंशांच्या घरात असल्याने उकळलेला वोर्ट (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस) हीट एक्स्चेंजरमधून (वोर्टची उष्णता पाण्याला देणाऱ्या उपकरणातून) चाळीस अंशांखाली उतरतच नाही, आणि उरलेला सारा भार ग्लायकॉल चिलरवर (टाक्या थंड राखणाऱ्या शीतयंत्रावर) पडतो. त्याचा कंडेन्सर (उष्णता बाहेर हवेत सोडणारा भाग) पश्चिमेच्या उन्हात असून मे महिन्यात ऐन दुपारी दाब वाढून चिलर बंद पडतो. विक्रेता अर्थातच मोठा चिलर सुचवतो. मोठा चिलर घ्यावा, आणखी एक टाकी घ्यावी, की उन्हाळ्यापुरती लागर थांबवावी? माल्टचा ओला चोथा गोठ्यावर जातो, पण मे महिन्यात तो दुसऱ्या दिवशीच आंबतो. त्यावरही उपाय सुचवावा.

प्रतिसाद:
मोठ्या चिलरची घाई करू नये. ५०० लिटर वोर्ट तासाभरात ४० वरून २० अंशांवर आणायचा, तर सुमारे १२ किलोवॉट उष्णता काढावी लागते. तेवढीच उष्णता रात्रीच्या दहा तासांत काढायची झाल्यास सव्वा किलोवॉट पुरते. म्हणून इन्सुलेशन केलेल्या वेगळ्या टाकीत पाणी रात्री थंड करून ठेवावे आणि सकाळी तेच हीट एक्स्चेंजरला द्यावे. एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारे गरम पाणी साठवून पुढच्या मॅशसाठी (माल्ट भिजवण्यासाठी) वापरल्यास पाणी आणि इंधन दोन्ही वाचते. कंडेन्सरवर सावली करून हवेच्या वाटेवर कूलरचे ओले पॅड लावावेत. घराघरांत कूलर चालवणाऱ्या नागपूरकरांना कोरड्या हवेतील त्याचा गुण सांगायला नको. मात्र पाणी थेट कंडेन्सरच्या फिनवर (धातूच्या पातळ पट्ट्यांवर) फवारू नये, क्षार साचतात.

लागरऐवजी उन्हाळ्यात कोल्श करून पाहावी. जर्मनीतील कोलोनची ही बिअर एलच्या यीस्टने साधारण १५ ते १८ अंशांवर आंबवतात आणि नंतर थंडीत मुरवतात. तीन-साडेतीन आठवड्यांत ती देता येते आणि लागर मागणाऱ्या बहुतेकांना ती रुचते. नवीन टाकीचा विचार त्यानंतर. चोथा मात्र साठवूच नये. बॅच पहाटे लावून गोठेवाल्यास त्याच सकाळी उचलायला सांगावे.

मूळ लेखक:
मनःपूर्वक आभार. पहाटेची बॅच आम्हाला जमण्यासारखी आहे. फक्त ओले पॅड लावल्याने कंडेन्सरच्या पंख्याला हवा कमी पडू नये, यासाठी पॅडची जाडी आणि कंडेन्सरपासूनचे अंतर किती ठेवावे? कोणी प्रत्यक्ष बसवले असल्यास कृपया सांगावे.