माझंच घर, माझीच चावी, तरी मी चुकले का?

कळव्याची मावशी:

नमस्कार. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

ऐरोलीला सेक्टर ८ मध्ये आमचा वन बीएचके आहे. सासूबाई गेल्यावर वर्षभर रिकामाच होता, गेल्या सप्टेंबरपासून भाड्याने दिलाय. नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. भाडं वीस हजार, डिपॉझिट साठ हजार, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, रीतसर ऑनलाइन रजिस्टर केलेलं. ३१ जुलैला संपतंय. माणसं सरळ आहेत, भाडं कधी पाच तारखेपुढे गेलं नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींचा फोन आला. तुमच्या बाथरूमच्या बाजूने पॅसेजच्या भिंतीला ओल आलीय म्हणाल्या. भाडेकरू आषाढीला पंढरपूरला गेलेले. त्यांना दोनदा फोन केला, लागला नाही. डुप्लिकेट चावी माझ्याकडे असतेच, म्हणून गेले. विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलेलं, रिक्षावाला आधी नाहीच म्हणत होता, ते जाऊ दे.

आत जाऊन बघते तर बाथरूमच्या छताचे पोपडे सुटलेत, टपटप गळतंय आणि खाली बादली ठेवलेली! म्हणजे यांना ठाऊक होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. हॉलमध्ये नको म्हटलेलं असताना सहा खिळे. ओटा जरा चिकट होता, तो पुसला. आणि निघताना हाताच्या सवयीने मेन स्विच बंद केला. चाळीस वर्षं घर बंद करताना तेच करत आलेय.

त्यांच्या फ्रीजमध्ये दोन किलो सुरमई होती.

चार दिवसांनी ते परतले. त्याच्या बायकोने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता तो म्हणतो, गळती दुरुस्त होईपर्यंत जुलैचं भाडं देणार नाही. आणि न विचारता घरात शिरलात म्हणून पोलिसांत जाईन. धाकटे दीर म्हणतात, वीज तोडून टाक, आठवड्यात सरळ होईल. मुलगा म्हणतो, ३१ तारखेला कुलूप बदल.

माझं घर, माझी चावी, मी चोरी करायला गेले नव्हते. तरी मी चुकले का? गळतीचा खर्च कोणाचा? आणि तो भाडं असं अडवू शकतो का?

---

घणसोलीचा एजंट:

मावशी, ऑनलाइनच्या कराराचा ठरलेला मसुदा असतो, त्यात तपासणीचं कलम बघा. मालकाने वाजवी पूर्वसूचना देऊन घर पाहायचं, असं तिथे लिहिलेलं असतं. न लागलेले दोन फोन म्हणजे सूचना नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकली असती, 'गळती आहे, उद्या अकराला प्लंबर घेऊन येते', आणि शेजारच्या वहिनींना सोबत घेतलं असतं, तर कोणी बोट दाखवलं नसतं. छत अंगावर येतंय अशी वेळ असेल तर गोष्ट वेगळी. पण तशा वेळी माणूस ओटा पुसत नाही.

खिळ्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापायच्या फंदात पडू नका. भिंतीचा रंग वर्षभरात मळतोच. मोडतोड झाली तर कापा, नांदत्या घराच्या खुणांचे पैसे मागू नका. सुरमईचे पैसे मात्र देऊन टाका.

---

बारा वर्षं भाड्याने:

मी तुमच्या भाडेकरूच्या जागी आहे, म्हणून राग मानू नका. घर तुमचं आहे, पण त्या अकरा महिन्यांत तिथे वाळत घातलेले कपडे, उघडं कपाट, औषधांच्या पट्ट्या हे सगळं त्यांचं आहे. बाईला मासळीपेक्षा पुसलेला ओटा जास्त लागला असणार. माझ्या एका जुन्या मालकांना 'सहज चक्कर मारायची' सवय होती. मी शेवटी आतल्या बाजूने जादा कडी बसवून घेतली.

पण गळती लपवून बादली ठेवणं ही त्याची चूकच. 'घर सोडा' म्हणतील या भीतीने आम्ही गप्प बसतो, हे मात्र खरं.

---

नाइलाजाने सेक्रेटरी, वर्तकनगर:

गळतीचं बोलतो, कारण पावसाळ्यात आमच्या कमिटीच्या मिटिंगा याच एका विषयावर होतात. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पावसाचं पाणी किंवा बाहेरची सामायिक पाइपलाइन, ड्रेनेज लाइन असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून असेल तर खर्च वरच्या सभासदाचा. उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमांच्या पुस्तकात, तसं स्पष्ट आहे. नव्वद टक्के वेळा वरच्यांचा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं, निघतो (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही). कोणत्याही बाबतीत भाडेकरूचा नाही. सोसायटीला लेखी अर्ज तुम्ही द्यायचा, सभासद तुम्ही आहात.

बोलण्याच्या ओघात विचारतो, कराराची प्रत आणि पोलिसांत भाडेकरूची नोंद दिल्याची पोच सोसायटीत दिलीय ना? आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून घेते ते जादा पैसे, किती लावतात? सर्व्हिस चार्जेसच्या (हा मेंटेनन्सचा एक भाग) दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, २००१ सालचा शासन आदेश आहे. बऱ्याच सोसायट्या मेंटेनन्सच्या अख्ख्या रकमेवर आकारतात आणि मालक मुकाट्याने भरतात.

---

कोर्टाची पायरी चढलेला:

दिरांना सांगा, वीज तोडायचं नावही काढू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, घरमालकाने यातलं काही सबळ कारणाशिवाय बंद करायचं नाही. कुलूप बदलणंही तसलंच, तुमच्या बाजूची केस तुम्हीच घालवाल.

तुमच्या हातात जे आहे ते फार चांगलं आहे, तुम्हाला कल्पना नसेल. करार रजिस्टर्ड आहे. मी तो केला नव्हता. हजार रुपये नोंदणी फी आणि थोडी स्टँप ड्यूटी वाचवायला नोटरीवर भागवलं. कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची, आणि नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. माझा भाडेकरू म्हणाला, भाडं नऊ हजारच ठरलं होतं. ठरलं होतं चौदा. बसलो हात चोळत.

मुदत संपूनही तो निघाला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचे भाड्याच्या दुप्पट दराने पैसे मागता येतात. समन्स मिळाल्यावर त्याला तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. पण प्रकरण तिथवर जाईलसं वाटत नाही. तो पळपुटा नाही, चिडलेला आहे. गळतीसाठी अख्खं भाडं अडवणं हेही बरोबर नाही, पण आधी तुमच्या बाजूचं काम पुरं करा, मग त्याला बोला.

---

कळव्याची मावशी:

सगळ्यांना उत्तर एकदमच देते.

'बारा वर्षं भाड्याने', तुमचं वाचून दोन दिवस तुमचा रागच आला होता. मग आठवलं, लग्नानंतर आम्ही खारीगावला भाड्याने राहायचो. मालकीणबाई दुपारी दार न वाजवता यायच्या आणि डब्यात डाळ किती आहे ते बघून जायच्या. मी त्यांना काय काय म्हणायचे!

रविवारी गेले. आदल्या दिवशी मेसेज टाकून, वेळ ठरवून. सोबत आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि प्लंबर. वरच्यांचा नहाणी ट्रॅपच निघाला. ते आधी तयार नव्हते, सेक्रेटरींनी उपविधी उघडून दाखवल्यावर कबूल झाले. आमच्या छताचं प्लास्टर मी करून घेतेय. भाडेकरूच्या बायकोला सुरमईचे अठराशे रुपये दिले. तिने एवढ्याला आणली नसणार, पण घासाघीस केली नाही. जुलैचं भाडं त्याने तिथेच मोबाइलवरून पाठवलं. आणखी अकरा महिने राहतो म्हणतो, नवा करार पुढच्या आठवड्यात.

नॉन-ऑक्युपन्सी आमच्याकडेही अख्ख्या मेंटेनन्सवरच लावत होते. अर्ज दिलाय.

डुप्लिकेट चावी माझ्याकडेच राहिली. पण पाकिटात घालून, वर चिकटपट्टी लावून, पट्टीवर तिची आणि माझी सही. ही कल्पना तिचीच. सही करताना म्हणाली, काकू, मेन स्विचला पण चिकटपट्टी लावू का?