काच फुटल्यावर कळणारा फरक

फोनच्या टचस्क्रीनमध्ये इन-सेल टच, म्हणजे बोट ओळखणारा सेन्सर डिस्प्लेच्या आतच असलेला, सगळ्यात पातळ, म्हणून तोच उत्तम, असं म्हटलं जातं. पातळपणाबद्दल दुमत नाही. पण मी पुण्यात तपकीर गल्लीत रोज फुटलेले फोन उघडतो, आणि मला खरा फरक दिसतो तो काच फुटल्यावर.

ओजीएसमध्ये (वन ग्लास सोल्यूशन) सेन्सरचे पारदर्शक पट्टे वरच्या काचेच्या पाठीवरच असतात. तडा गेला की पट्टा तुटतो. चित्र झकास दिसतं, पण बोट चालत नाही. ऑन-सेलमध्ये तेच पट्टे कलर फिल्टरच्या काचेवर, म्हणजे डिस्प्लेच्याच वरच्या काचेवर, पोलरायझर नावाच्या पातळ थराखाली. इन-सेलमध्ये ते थेट एलसीडीच्या आत. आयफोन ५ मध्ये २०१२ साली तेच आलं. परवा एक मुलगी असाच इन-सेलचा फोन घेऊन आली. काचेचं नुसतं जाळं, वर चिकटपट्टी, तरी तिने पॅटर्न काढून फोन उघडून दाखवला! अशा वेळी नुसती काच बदलता येते. मात्र काच सोडवताना कापायची तार जरा खोल गेली की डिस्प्ले आणि टच दोन्ही एकदम जातात, आणि खर्च कितीतरी वाढतो.

शिवाय इन-सेलमध्ये बहुतेक वेळा एकाच इलेक्ट्रोडला (वीज वाहणाऱ्या पट्ट्याला) दोन कामं असतात. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, एका फ्रेमला (चित्राला) जेमतेम १६.७ मिलिसेकंद, त्यातच चित्रही काढायचं आणि मधल्या फटीत बोटही शोधायचं. रिझोल्युशन वाढलं की ही फट आणखी आवळते.

आणि रेझिस्टिव्हला जुनाट म्हणू नका. भोसरीत मशीनवर जाड हातमोजे घालून काम करणाऱ्याला असा दाबाने चालणारा टचच सोयीचा पडतो.