सड्यावर होकायंत्र गोंधळतं! नकाशा आणि होकायंत्र शिकण्यासाठी मदत हवी आहे

कातळपायी

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत राहते. पाऊस ओसरला की आम्ही काही मैत्रिणी आसपासचे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, पालथे घालतो. कधी कातळशिल्पं बघायला, कधी फुलांसाठी, कधी नुसतंच चालायला. आजवर मोबाइलवर भागलं. पण मोबाइलवरचा निळा ठिपका आपण कुठे आहोत ते सांगतो, आजूबाजूला काय आहे ते कळू देत नाही, असं माझं मत झालंय. म्हणून नकाशा आणि होकायंत्र नीट शिकायचं ठरवलं. पारदर्शक पट्टीवर बसवलेलं साधं होकायंत्र घेतलं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून आमच्या भागाचा १:५०,००० चा नकाशा उतरवून छापून घेतला. आणि इथेच अडले आहे.

व्हिडिओंमध्ये सगळे डोंगरात उभे असतात. तीन शिखरं निवडा, तिन्हींचे दिशाकोन (उत्तरेपासून किती अंशांवर आहेत ते) घ्या, नकाशावर रेषा ओढा, जिथे छेदतील तिथे तुम्ही. आमच्या सड्यावर शिखरं आणू कुठून? समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने आहेत, त्यामुळे अख्खा सडा दोन रेषांच्या मध्ये मावतो. नकाशात देऊळ आहे, पण ते राईत लपलेलं. दिसतो तो मोबाइलचा टॉवर, तो नकाशात नाही. चिरेखाणी तर दर वर्षी जागा बदलतात.

दुसरं, सुई. छातीशी धरलं की एक दिशा, कातळावर ठेवलं की दहा-पंधरा अंशांनी वेगळी. थोडं पुढे गेलं की तिसरीच. घरी गच्चीवर मात्र व्यवस्थित चालतं, त्यामुळे होकायंत्र बिघडलेलं नसावं.

तिसरं, व्हिडिओवाले चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (ध्रुवाकडची) यांतल्या फरकावर अर्धा तास बोलतात. आपल्याकडे तो फरक किती धरायचा?

आणि हे सगळं किनाऱ्याच्या प्रदेशात बसेल असं शिकवणारं कोणी आहे का? घाटमाथ्यावरचे ट्रेकवाले भरपूर आहेत, पण ते सड्यावर येत नाहीत.

जांभाचिरा

सुईचं कारण तुमच्या पायाखाली आहे. जांभ्यात, म्हणजे सड्यावरच्या तांबड्या दगडात, लोह भरपूर, त्याखालचा काळा दगडही चुंबकीय. शिवाय उघड्या माथ्यावर वीज पडली की तेवढा खडक आणखी चुंबकतो. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथलं कातळशिल्प पाहिलंत का? तिथे होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, लोक मुद्दाम होकायंत्र घेऊन जातात. तुमचा सडा त्याच्याच जातीचा.

व्हाळाकडचो

होकायंत्र कित्या व्हया? गुराख्याक इचार.

कातळपायी

@व्हाळाकडचो, भेटला तर विचारतेच हो! पण आता सड्यावर गुरंच कमी झालीत, गुराखी कुठून भेटणार?

निवृत्त ओव्हरसियर

ताई, आधी गच्चीचं बघू. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात. तिथे सुई स्थिर राहिली याचा अर्थ ती बरोबर दाखवते असा नाही. वाळूच्या मोकळ्या किनाऱ्यावर, गाडी आणि विजेच्या खांबांपासून लांब उभं राहून तपासा. मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबक असतं, पर्सच्या बटणालाही असतं. आणि मोबाइलमधलं होकायंत्रही चुंबकीय क्षेत्रावरच चालतं, त्यामुळे सड्यावर त्याची साक्ष काढण्यात अर्थ नाही. जीपीएसने दाखवलेली जागा मात्र यात बिघडत नाही.

तुम्ही सांगताय त्याला आम्ही सर्व्हेत लोकल अ‍ॅट्रॅक्शन म्हणायचो. सिव्हिलच्या पोरांना साखळी-होकायंत्राच्या सर्व्हेत हे शिकवतातच. ओळखायची रीत सोपी आहे. तुम्ही एका जागी, मैत्रीण शंभर-दीडशे मीटरवर. तुम्ही तिच्याकडे बघून दिशाकोन घ्या, तिने तुमच्याकडे बघून घ्यावा. तुमचा ७० अंश आला तर तिचा २५० यायला हवा, म्हणजे बरोबर १८० चा फरक. तिचा २६२ आला तर दोघींपैकी निदान एकीच्या पायाखाली गडबड आहे. कोणाच्या, ते तिसरी जागा घेतल्याशिवाय कळत नाही. ज्या दोन जागांमधला फरक नेमका १८० येतो त्या बहुतेक स्वच्छ. त्यांच्यावर विश्वास ठेवून बाकीच्यांची दुरुस्ती करायची. एक-दोन अंशांचा फरक आला तर सोडून द्या, हातातल्या होकायंत्रात तेवढं चालायचंच.

होकायंत्र कातळावर कधीच ठेवायचं नाही. डोळ्याच्या उंचीवर धरा. दगडापासून जितकं लांब तितका त्याचा ओढा झपाट्याने कमी होतो. प्रत्येक वेळी एकाच जागेवरून बघण्यापेक्षा आठ-दहा पावलं इकडे-तिकडे सरकून पुन्हा बघा.

खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांचा विषय कोकणापुरता विसरा. इथे तो फरक एका अंशाहून कमी आहे. एक अंश चुकला तर किलोमीटरमागे साधारण १७ मीटर सरकाल. अमेरिकेच्या काही भागांत तो दहा-पंधरा अंश असतो म्हणून ते अर्धा तास बोलतात.

जाता जाता, कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईच्या ट्रॅम विजेवर चालणार म्हटल्यावर त्या बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. ते ज्या लोखंडाला आणि विजेला भिऊन पळाले, त्यातलं निम्मं तुम्ही गच्चीवर पायाखाली घेऊन उभ्या आहात.

मचवा

आम्ही खाडीतली माणसं. दर्यात कोणी दिशाकोन मोजत बसत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, उदाहरणार्थ पुढे देवळाचा कळस आणि मागे डोंगरातली खाच. त्या एकावर एक राहिल्या तोवर होडी रेषेवर. एक सरकली की कळतं आपण कुठल्या बाजूला वाहवलो. दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी मिळाली की जागा पक्की. सड्यावर हेच करा. यात सुईच नाही, त्यामुळे जांभा काही बिघडवू शकत नाही. दीपगृह, खाडीचं तोंड, समोरच्या सड्याची कड या खुणा नकाशातही असतात.

कातळपायी

@मचवा, हे फार आवडलं. @ओव्हरसियर काका, रविवारी भाट्याच्या वाळूवर जाऊन तपासते.

एक उपप्रश्न. सकाळी धुकं असलं किंवा पावसाळ्यात ढग खाली आले की खुणा दिसतच नाहीत. तेव्हा काय?

रानवाट

काठी रोवा, दुपारी सावली उत्तरेकडे पडते. शाळेत शिकवलंय.

निवृत्त ओव्हरसियर

@रानवाट, धुक्यात सावली? बरं, ऊन असलं तरी रत्नागिरीत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या काळात सावली दक्षिणेकडे पडते, तीही इवलीशी. आणि मध्यान्ह आपल्याकडे घड्याळात बाराला होत नाही, मे महिन्यात साडेबाराच्या पुढे होते. थंडीत मात्र तुमचा उपाय चालेल.

फौजी आजोबा

धुक्यातलं मी सांगतो. फौजेत रात्री हेच करत होतो.

पहिली गोष्ट, पावलं. टेपने १०० मीटर मोजा आणि डावं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा. दोन-तीनदा मोजून सरासरी धरा. तुमचा आकडा तुमचाच, दुसऱ्याचा वापरायचा नाही. ऑक्टोबरमध्ये कमरेएवढ्या गवतात तो वाढतो, तेव्हा गवतातला वेगळा मोजून ठेवा. नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, तेवढं डोक्यात पक्कं असलं की बाकीचं गणित आपोआप होतं.

दुसरी गोष्ट, बेटा, ही नीट वाच. सड्यावरून वाडीत उतरणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) शोधायची असेल तर नेम थेट पाखाडीवर धरायचा नाही. थेट गेलीस, कडेला पोचलीस आणि पाखाडी दिसली नाही, तर डावीकडे जाऊ की उजवीकडे? कळणार नाही. म्हणून मुद्दाम दहा-बारा अंश उजवीकडे धरून चाल. सड्याची कड किंवा गडगा (दगडी कुंपण) लागला की डोळे मिटून डावीकडे वळायचं. होकायंत्र थोडं खोटं बोललं तरी यात खपून जातं, म्हणून जांभ्यावर ही रीत सोन्याची. आणि वाट सापडत नाही म्हणून पऱ्यातून (ओढ्यातून) खाली उतरायचं नाही. पऱ्या कड्यावरून कुठे पडेल ते धुक्यात दिसत नाही.

शिकायला कोण, तर जवळच्या कॉलेजच्या एनसीसीत विचारा, नकाशावाचन त्यांच्या अभ्यासक्रमात आहे. नाहीतर गावात माझ्यासारखा एखादा निवृत्त फौजी असतोच. आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही.

नकाशेवाला

सगळ्यांनी होकायंत्रावर लिहिलं, नकाशा तसाच राहिला. ताई, पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू होता का? बहुतेक दुकानांत असतोच. मग १:५०,००० राहत नाही, आजोबांचे २ सेंटिमीटर चुकतात. खालच्या मोजपट्टीवर साधी फूटपट्टी ठेवून बघा.

कोपऱ्यात सर्वेक्षणाचं वर्षही बघा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला, त्याआधीच्या सर्वेक्षणाच्या नकाशात तो नसणार. टॉवर आणि खाणी विसरा. न हलणाऱ्या गोष्टी धरा: खाडीची वळणं, सड्याची कड, पऱ्यांचे फाटे. सपाट सड्यावर समोच्च रेषा मुक्या असल्या तरी कडेला त्या एकदम दाटतात, तिथे भरपूर वाचायला मिळतं. नुसता सडा बघू नका, सड्याचा काठ वाचा.

कातळपायी

आत्ताच फूटपट्टी लावली. १ किलोमीटरला १.८ सेंटिमीटर भरतंय. उद्या पुन्हा छापून आणते, ‘मूळ आकारात’ असं दुकानदाराला लिहूनच देते. फौजी आजोबा, तुम्ही कुठल्या गावचे ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का?