अंग बाहेर येणं : आपले, आईचे, सासूचे अनुभव लिहा

पऱ्हाटी
सध्या वेचणी सुरू आहे. काल आमच्या वावरात एक काकू पात अर्धी सोडून धुऱ्यावर जाऊन बसल्या, ओटीत कापूस तसाच. "काई नाई वो, आंग आलं बाहेर. बसलं की जाते आत." म्हणजे गर्भपिशवी खाली सरकून अंगावरून बाहेर येते ते. माझी आजीच आठवली. जुन्या लुगड्याच्या चिंधीची घट्ट गुंडाळी करून लंगोटासारखं कसून बांधायची अन् सोंगणीला जायची. घासून जखम व्हायची, त्यावर खोबरेल तेल. तिला आयुष्यात कुणी तपासलं नाही. 1989 साली डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. 650 बायांपैकी 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग, अन् त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. आजी त्याच काळातली.
काय उपचार केले, काय लागू पडलं ते लिहा. नाव-गाव नको.

सांबारवडी
माझ्या मामीजींचं, म्हणजे सासूबाईंचं. सहा लेकरं, प्रत्येक बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर पाण्याचा गुंड. वरून चुलीच्या धुराचा खोकला. पिशवी काढूनच टाका म्हणून सगळे मागे लागले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर मॅडमनी आधी रिंग बसवून दिली, पिशवीला आतून आधार देणारी. बसवल्यावर चालायला लावलं, खोकायला लावलं, लघवी करून या म्हणाल्या. पहिली निसटली, मग मोठी बसवली. त्याच दिवशी घरी. मामीजी एसटीत खिडकीशी बसून म्हणतात, "माय वो, एवढंच होतं तं मले इतके वर्ष काऊन नाई सांगतलं कोनी?" मी काय बोलणार.

धुऱ्यावरची
रिंग आतच राहते का?? कायमची?

सांबारवडी
नाही ग. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, त्या काढून धुतात, जखम नाही ना ते पाहतात. आतून कोरडं पडलं होतं म्हणून लावायला मलम पण दिलं आहे. पोळी टाकून येते, मग लिहिते

जवसाची चटणी
माझ्या मोठ्या बाईची पिशवी पस्तिशीतच काढली, खाजगीत. आंग थोडंसंच खाली होतं. व्यायाम सांगितला नाही, रिंग सांगितली नाही, सरळ ऑपरेशन. त्यासाठी एक गोऱ्हा विकला. आता पुन्हा तिथे जड जड वाटते म्हणते, खाली काहीतरी येते. पिशवीच नाही तर काय येते?

आर्वीकडची नर्स
@जवसाची चटणी, पिशवी काढली तरी तिला धरून ठेवणारे स्नायू अन् दोऱ्या सैलच राहतात. मग योनीमार्गाचा वरचा भाग किंवा लघवीची पिशवी खाली येऊ शकते. त्यांना पुन्हा दाखवा, उपचार आहे. तरुण बाईला पिशवी ठेवूनच वर बांधायचं ऑपरेशन असते, स्लिंग म्हणतात. आपल्या मुंबईच्या डॉ. शिरोडकर, डॉ. पुरंदरे यांच्या पद्धती त्यातल्याच. वय झालेलं, आंग पूर्ण बाहेर, अशांची खालूनच पिशवी काढून टाके घालून आधार देतात. पण कुठलं करायचं ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.
अन् रक्त येत असेल, जखम असेल किंवा लघवी अडली असेल तर वेचणी संपायची वाट पाहू नका.

जवसाची चटणी
धन्यवाद ताई. मोठ्या बाईला वाचून दाखवते.

मोहफूल
मी व्यायामाचं सांगते. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकलं की लघवी सुटायची, लग्नाकार्यात जाणं बंद केलं होतं. फिजिओ ताईने शिकवलं: वायू अडवताना जसं आत ओढतो तसं आत-वर ओढायचं, पाच ते दहा सेकंद धरायचं, तितकंच सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. लघवी अडवून अडवून रोज करायचं नाही. तीन महिने नेमाने केलं तेव्हा फरक कळला, त्याआधी सोडून देऊ नका. मी विळीवर भाजी चिरतानाही करते, कुणाला कळत नाही. आता भाचीच्या हळदीत नाचले!

धुऱ्यावरची
वा वो ताई 😂 फोटो टाका हळदीचा

नागपूरवाली
सोयाबीनचे कट्टे उचलणं मात्र बंद करा लागते. माझ्या आईला बद्धकोष्ठ पण होतं, जोर करून करून वाढलं. अंबाडीची भाजी, भाकरी, पाणी यावर आणलं तर निम्मा त्रास तसाच कमी झाला.

जवसाची चटणी
अंबाडीत कण्या टाकता का तुम्ही? आमच्याकडे ज्वारीच्या टाकतात

नागपूरवाली
हो हो, अन् वरून लसणाचं तेल

पोरगा_यवतमाळचा
मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल का? आई काही सांगत नाही, पण तिला उठता-बसता त्रास होतो ते दिसते. खर्च किती येतो?

आर्वीकडची नर्स
चालेल भाऊ, बरं झालं लिहिलंत. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड अन् आधार सोबत ठेवा. आईला बहिणीकडून किंवा आशाताईकडून विचारा, तुम्हाला नाही सांगणार ती.

पऱ्हाटी
मी कालच्या काकूंशी बोलले. रिंगचं सांगितलं तर "कापून नाई नं टाकत?" एवढंच विचारलं. यायला तयार आहेत, मजुरी बुडेल म्हणतात, ती मी देते. @सांबारवडी, वर्ध्याहून सेवाग्रामला ऑटो मिळतो ना सकाळी?

सांबारवडी
स्टँडबाहेरच मिळतो. लवकर निघा, चिठ्ठी काढायला रांग असते. डबा न्या सोबत.