ड्रेस्डेनचं सिनेगॉग: जुनं रूप परत उभारायला हवं होतं का?

मूळ धागा
वास्तुकार गॉटफ्रीड सेम्परने बांधलेलं जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (१८४०), नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी जाळलं. २००१ मध्ये तिथे नवं उभं राहिलं. घुमट नाही, मनोरे नाहीत, बाहेरून जवळजवळ बंद असा दगडासारखा घन. मला तो मनापासून पटतो. ज्यू जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात, पण जागा चिंचोळी, त्या दिशेला न जुळणारी. म्हणून दगडासारख्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ३४ थर एकेक करून किंचित वळवत नेले आणि माथ्याशी इमारत पूर्वाभिमुख, म्हणजे जेरुसलेमकडे वळलेली झाली. प्रार्थनेची दिशा भिंतीच्या पिळातच उतरली! आत धातूच्या जाळीचा पडदा सोडलाय, वाळवंटातल्या निवासमंडपासारखा, म्हणजे भटकंतीच्या काळातल्या ज्यूंच्या तंबूतल्या देवस्थानासारखा. बाहेर जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराचा दगड, आत भटक्यांचा तंबू. ज्यूंचा सगळा इतिहास याच दोन टोकांमध्ये आहे.

प्रतिसाद १
साफ असहमत. त्याच शहरात फ्राउएनकिर्के हे चर्च २००५ मध्ये जुन्या रूपात, जुने दगड वापरून पुन्हा उभं राहिलं. चर्चला घुमट परत आणि ज्यूंना मुकी भिंत? जाळणाऱ्यांनी पुसलेलं पुसलेलंच राहिलं. जेरुसलेमच्या उद्ध्वस्त झालेल्या हुर्वा सिनेगॉगसाठी वास्तुकार लुई कान यांचा आधुनिक आराखडा होता. तरी २०१० मध्ये जुना घुमटच परत आला.

धागाकर्ता
फ्राउएनकिर्के १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं. सिनेगॉग गावातल्याच लोकांच्या डोळ्यांदेखत जळलं. तेच रूप परत उभं केलं असतं तर १९३८ घडलंच नाही असं वाटलं असतं. आता अंगणात जुन्या वास्तूची रेषा आखलेली आहे.

प्रतिसाद २
मुळात ‘जुनं ज्यू रूप’ म्हणजे कोणतं? सेम्परची वास्तू बाहेरून रोमनेस्क (मध्ययुगीन चर्चच्या शैलीची), आतून मूरिश (स्पेनमधल्या मुस्लिम वास्तूंच्या शैलीची). आपल्या पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग (१८६७) लांबून गॉथिक चर्चच वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. खिडक्या असलेल्या घरात प्रार्थना करावी, असं तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने बेथ शोलोम सिनेगॉग (१९५९) काचेतून उजळणाऱ्या सिनाय या ज्यूंच्या पवित्र पर्वतासारखं बांधलं. आधुनिक व्हायला बंद व्हावं लागत नाही.

धागाकर्ता
प्रकाशाचा मुद्दा मान्य. पण जर्मनीत सिनेगॉगसमोर आजही पोलीस पहारा असतो, तिथे काचेचा डोंगर कोणाच्या भरवशावर बांधायचा? आणि जुनं काहीच उरलं नाही असंही नाही. १९३८ मध्ये अग्निशमन दलातल्या एका जवानाने लपवून ठेवलेला जुन्या वास्तूचा दाविदाचा तारा (ज्यूंची सहा टोकांची खूण) आज नव्या वास्तूच्या दारावर आहे.

प्रतिसाद १
तारा वाचला याचा आनंदच आहे. पण भीतीला तोंड देण्यासाठी बांधलेली भिंत आणि श्रद्धेसाठी बांधलेली भिंत रस्त्यावरून सारखीच दिसते. ड्रेस्डेनच्या शाळकरी पोराला त्यातला फरक कसा कळावा, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.